तांबट आळी, बुरुड आळी आणि हातकाम ओळखायच्या खुणा

पेठकर:

हिवाळा आला की पुण्यात भीमथडी, मुंबईत महालक्ष्मी सरस, मग फेब्रुवारीत काळा घोडा, आणि आपण सगळे तिथे जाऊन हातकामाचं काहीबाही घेऊन येतो. मला ही प्रदर्शनं आवडतात, लांबच्या गावातल्या बायकांना त्यातून गिऱ्हाईक मिळतं, त्याबद्दल तक्रार नाहीच. पण आपल्या शहरातच कारागीर बाराही महिने दुकानाच्या उंबऱ्यावर बसून काम करतोय तिकडे आपण वळत नाही, हे मला फार लागतं. म्हणून हा धागा. तुमच्या तुमच्या गावातल्या आळ्या, गल्ल्या, बाजार सांगा, काय मिळतं, अस्सल कसं ओळखायचं तेही सांगा.

मी सुरुवात कसब्यापासून करते. शनिवारवाड्यापासून चालत गेलात तर तांबट आळी फार लांब नाही, आणि पत्ता विचारायचीही गरज पडत नाही कारण आवाजच येतो. पेशवाईत कोकणातून आलेली ही घरं, पूर्वी हंडे, कळश्या, घंगाळी, बंब हे सगळं इथे व्हायचं. बंब गेला गॅस गीझरमुळे, हंडे गेले नळामुळे आणि प्लॅस्टिकमुळे, आता तांब्या-भांडं, पाण्याच्या बाटल्या, ताम्हण, अभिषेकपात्र, झाडांच्या कुंड्या, हॉटेलवाल्यांच्या ऑर्डरी असं काम चालतं.

पण बघण्यासारखं आहे ते मठारकाम. भांडं घडवून झालं, घासून चकचकीत केलं, की जमिनीत रोवलेल्या लोखंडी दांड्यावर ते आतून अडकवतात, माणूस एका हाताने भांडं फिरवतो आणि दुसऱ्या हाताने हातोडी मारतो, एका जागी एकच ठोका, की भांडं कणभर सरकतं, पुढचा ठोका अगदी शेजारी. ओळीमागून ओळ. मी ज्यांच्याकडे उभी होते ते काका माझ्याशी बोलताना भांड्याकडे बघतसुद्धा नव्हते, हात आपोआप चालला होता आणि ओळ कुठे वाकडी झाली नाही. मला वाटायचं हे शोभेसाठी. तर ते म्हणाले, "ताई, शोभा नंतर. आधी मजबुती." तांबं तापवलं की मऊ पडतं आणि ठोकलं की कडक होतं, त्यामुळे मठारलेल्या पातळ पत्र्यालासुद्धा चटकन पोचे पडत नाहीत. आणि प्रत्येक ठोक्याचा चेहरा गुळगुळीत असल्यामुळे उजेड पडला की सगळं भांडं लखलखतं ते वेगळंच.

आता ओळखायचं कसं. बाजारात मठारल्यासारखी दिसणारी मशीनची भांडी पुष्कळ आहेत. एक तर त्यांच्यावरचे खळगे सगळे एका मापाचे असतात आणि थोड्या अंतराने तोच नमुना पुन्हा येतो. हाताच्या कामात ओळी सरळ असतात पण दोन ठोके जुळे नसतात. दुसरं म्हणजे भांड्याच्या आत हात घालून बघा आणि उजेडाकडे धरून बघा, लेथवर फिरवून केलेल्या भांड्यावर बारीक गोल गोल रेघा दिसतात. त्यात वाईट काही नाही, स्वस्त असतं, रोजच्या वापराला ठीक, फक्त हातकाम म्हणून त्याचे पैसे देऊ नका. जुन्या हंड्या-घंगाळांना तर आणखी एक खूण असते, पत्र्याच्या दोन कडा दातेरी कापून एकमेकींत अडकवून जोडलेल्या, तो नागमोडी सांधा लगेच नजरेत भरतो. बुधवारी-रविवारी जुना बाजार भरतो तिथे मोडीच्या ढिगात अशी भांडी अजून सापडतात.

मला मनापासून वाटतं ते एवढंच, की नुसतं विकत घेण्यापेक्षा यांना काम द्या. घरात आजीचं घंगाळ माळ्यावर पडलंय, बूड गळतंय, म्हणून ते मोडीत घालू नका, आळीत न्या. बूड बदलून मिळतं, पोचे काढून मिळतात, उजळून मिळतं. लग्नात द्यायला तांब्या हवा तर तयार उचलू नका, किती पाणी मावायला हवं, तोंड केवढं हवं ते सांगून करून घ्या. वर्षातून एकदा शोपीस घेणाऱ्यापेक्षा दुरुस्ती आणि मापाचं काम आणणारं गिऱ्हाईक त्यांना जास्त टिकवतं.

बुरुड आळीबद्दल खाली प्रतिसादात लिहिते, आधीच लांबलंय.

रानभूल:

मस्त धागा. मठारकाम मजबुतीसाठी असतं हे माहीत नव्हतं. बुरुड आळीबद्दल लवकर लिही, मला रोवळी हवीये, तांदूळ धुवायला स्टीलची चाळणी नकोशी झालीये.

पेठकर:

@रानभूल, हो लिहिते. सुपं, रोवळ्या, परड्या, टोपल्या, हारे, करंडे, लग्नातली झाल, सगळं मिळतं, आणि गौरी-गणपतीच्या आधी गेलीस तर पाय ठेवायला जागा नसते, म्हणून बाकी दिवसांत जा, बोलायला वेळ मिळतो त्यांना.

बांबू चिरताना बघत उभी राहा थोडा वेळ. अख्खा बांबू कोयत्याने उभा फोडतात, मग त्याच्या कामट्या, मग एकेक कामटी दातात किंवा पायाच्या अंगठ्यात धरून तिची साल आणि गाभा वेगळा. सालीकडची पट्टी चिवट, तुकतुकीत, गाभ्याची पट्टी फिकी आणि ठिसूळ. स्वस्त टोपलीत गाभाच जास्त असतो, ती महिन्याभरात कुरतडल्यासारखी होते आणि पीठ पडायला लागतं. रोवळी घेताना बूड उलटं करून बघ, सालीच्या पट्ट्या आहेत का, विणकाम घट्ट आहे का, कडेला गुंडाळलेली पट्टी टोचत नाही ना. रंग दिलेली घेऊ नकोस, धुण्यात रंग उतरतो. वापरून झाली की पाणी निथळून उन्हात उलटी घालायची, सिंकखाली ओली ठेवली की बुरशी धरते.

एक आजी होत्या तिथे, सूप विणत होत्या. मी विचारलं दिवसाला किती होतात, तर म्हणाल्या, "बांबू कसा निघतोय त्यावर. सगळा बांबू सारखा नसतोय." ओला बांबू चांगला चिरतो, वाळका फुटतो, आणि चांगला बांबू आता मिळायला महाग झालाय. सुपाची किंमत ऐकून लोक म्हणतात प्लॅस्टिकचं स्वस्त मिळतं. त्या तोंडावर काही बोलत नाहीत, पण वाईट वाटतं हो त्यांना.

बाजारहाट:

चांगलं लिहिलंय पण एक वेगळं मत. घासाघीस करू नका असं आता कोणीतरी म्हणेलच, तर मला ते पटत नाही. बाजार म्हटला की भाव होणारच, विक्रेतापण दोन पैसे वाढवूनच सांगतो, माझी आई मंडईत भाव केल्याशिवाय कोथिंबीरसुद्धा घ्यायची नाही. कारागीर गरीब बिचारा म्हणून सांगेल ती किंमत द्यायची ही पण एक प्रकारे त्याला कमी लेखण्याचीच रीत झाली.

पेठकर:

@बाजारहाट, तुमचं शेवटचं वाक्य पटलं, दया म्हणून कोणी पैसे देऊ नयेत. पण तांब्याच्या भांड्याचा हिशोब बघा ना. भांडं वजनावर असतं. तांब्याचा भाव किलोला जो असेल तो, तो काही त्या माणसाच्या हातात नाही, त्यालाही पत्रा त्याच भावाने घ्यावा लागतो. वर लागते ती मजुरी. म्हणजे आपण जेव्हा "जरा कमी करा" म्हणतो तेव्हा तांब्याचा एक पैसा कमी होत नाही, कमी होते ती फक्त मजुरी. मी म्हणून दोन आकडे वेगळे विचारते, वजनाचे किती नि मजुरी किती. सरळ सांगतात. मग ठरवायचं आपल्याला परवडतंय का, नसेल तर लहान भांडं घ्यायचं.

बाजारहाट:

हा मुद्दा ठीक आहे, मजुरी वेगळी विचारायची हे लक्षात ठेवेन. कोथिंबिरीवर मात्र मी ठाम आहे :)

रंकाळ्याकाठी:

कोल्हापुरातनं लिहितोय. आमच्याकडं शिवाजी चौकाजवळ चप्पल लाइन आहे, बाहेरनं आलेला प्रत्येक जण अंबाबाईचं दर्शन घेऊन तिथं येतोच. पण तिथं पण डोळं उघडं ठेवून घ्या राव. दुकानात टांगलेलं सगळंच हातचं नसतंय, रेक्झिनचं, रबरी तळाचं, मधी पुठ्ठा घातलेलं पण असतंय आणि नावाला कोल्हापुरीच.

खरी चप्पल बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याची. हातात घेतली की वजन लागतंय. कडेनं बघायचं, तळाचे कातड्याचे थर दिसले पाहिजेत, शिवण कातड्याच्याच वादीची पाहिजे, खिळा नसतोय. वास घ्या, केमिकलचा उग्र वास आला तर ठेवून द्या. कापशी, पायताण, बक्कलनाळी, पुकरी असे प्रकार आहेत, कापशी म्हणजे आमच्या कागल तालुक्यातल्या गावावरनं नाव पडलंय. नवी चप्पल चावतीय म्हणून लोक कपाटात टाकतात, तसं नका करू, रात्री आतनं तेल लावून ठेवा, दोन-तीन दिवस घरातल्या घरात घाला, मग पायाचा आकार घेतीय आणि नंतर दुसरी घालू वाटत नाही. पावसात मात्र अजिबात नको.

2019 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांना मिळून, आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. अथणीत पण फार मोठं काम चालतंय. 2025 च्या जूनमधी प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानला तसल्याच चपला दाखवल्या आणि नाव घेतलं नाही म्हणून केवढा गदारोळ झाला, नंतर त्यांनी मान्य केलं. त्या वेळी सगळ्यांना कोल्हापुरीचा अभिमान आला, बरं वाटलं. पण अभिमान वाटलेल्यातल्या किती जणांच्या पायात ती आहे ते पण बघायला पाहिजे. पेठकर म्हणतायत ते चपलेला पण लागू आहे. टाच झिजली की नवीन लावून मिळतीय, वेणी तुटली तर बदलून मिळतीय. करून देणाऱ्याकडंच न्या.

सातासमुद्रापार:

वाचून जीव कळवळला. मी न्यू जर्सीत असते, डिसेंबरमध्ये तीन आठवडे पुण्याला येतेय. बॅगेत मावेल असं तांबट आळीतून काय आणता येईल? स्वयंपाकाला पातेलं घ्यावं का? आमच्याकडे इंडक्शन आहे.

पेठकर:

@सातासमुद्रापार, इंडक्शनवर तांबं चालत नाही, त्यामुळे पातेलं नको घेऊस. मठारलेला तांब्या आणि त्यावरचं भांडं घे, किंवा एखादं छोटं घंगाळ, त्यात पाणी घालून फुलं ठेवता येतात, रोज डोळ्यासमोर राहतं. आल्या आल्या पहिल्या आठवड्यात आळीत जा, मापाचं करून हवं असेल तर वेळ लागतो, शेवटच्या दोन दिवसांत गेलीस तर तयार असेल तेच उचलावं लागेल. घासायला चिंच-मीठ नाहीतर लिंबू-मीठ, मग लगेच कोरड्या फडक्याने पुसायचं, ओलं ठेवलं की डाग पडतात.

अन्नपूर्णेचा_डबा:

एक महत्त्वाचं सांगायचं राहतंय. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट काही ठेवायचं असेल किंवा शिजवायचं असेल तर आतून कल्हई पाहिजेच. ताक, आमटी, चिंचेचं सार, काहीही नको कल्हईशिवाय. कळकतं, पोटाला वाईट.

आमच्या कॉलनीत कल्हईवाला यायचा तेव्हा आम्ही पोरं सगळी त्याच्याभोवती. भाता, कोळसे, भांडं तापलं की नवसागर टाकायचा, भसकन पांढरा धूर, मग कथलाची कांडी टेकवली की ती वितळून चमकते आणि कापसाच्या बोळ्याने तो एका हातात सगळं भांडं आतून फिरवून काढायचा. काळं भांडं चांदीसारखं व्हायचं. आता दारावर येत नाही कोणी पण भांड्यांच्या बाजारात विचारलं तर करून देणारे आहेत. नाशिकला आमच्या भांडी बाजारातही विचारून बघा.

आणि कल्हई केलेलं रिकामं भांडं मोठ्या गॅसवर ठेवून विसरू नका, कथील 232 अंशाला वितळतं, सगळी कल्हई गोळा होऊन बसते. फोडणी त्यात नको, आमटी-भात खुशाल.

मिरजवाला:

बाजार नाही पण गल्ली आहे म्हणून लिहितो. मिरजेला या कधी, सतारमेकर गल्लीत. तंबोरे आणि सतारी जिथे होतात ती गल्ली, पिढ्यान्पिढ्यांचं काम. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, दर्ग्यात त्यांच्या नावाने अजून गाणं होतं, त्यामुळे गाणारे-वाजवणारे इथे कायम येत राहिले आणि करणाऱ्यांना जाणकार गिऱ्हाईक मिळत गेलं. 2024 ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मिळाला.

दुकानात वर भोपळे टांगलेले दिसतील, मोठाले, पंढरपूरच्या बाजूचे. तो भोपळा खाण्याचा नव्हे, कडू असतो, वाळला की लाकडासारखा टणक. कुठला भोपळा कुठल्या तंबोऱ्याला जाईल ते वाजवून, टिचकी मारून ठरवतात. बायकांच्या आवाजाचा तंबोरा आणि पुरुषांच्या आवाजाचा तंबोरा मापातच वेगळा.

सगळ्यात अवघड काम जवारीचं. घोडीवर तार जिथे टेकते तिथला पृष्ठभाग कानसून असा करायचा की तार नुसती वाजता कामा नये, तिच्यातून सगळे सूर फुलून आले पाहिजेत. ते काम डोळ्याने होत नाही, कानाने होतं. जरासं घासायचं, तार लावायची, छेडायची, ऐकायचं, परत घासायचं. मी माझा तंबोरा जवारीला नेला होता, तर ते चाचा अर्धा दिवस त्यावर बसले, मध्ये एकदा वाद्य बाजूला ठेवून चहा घेतला, म्हणाले कान थकला की काम थांबवायचं. पेठकरांनी दुरुस्तीचं लिहिलंय ना, आमच्या गल्लीचं बरंच पोट त्यावरच आहे. नवीन तंबोरा माणूस आयुष्यात एकदा घेतो. जवारी मात्र पुन्हा पुन्हा काढावी लागते.

नागपूरकरीण:

मिरजवाला, काय सुंदर लिहिलंत. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असते, त्याच्या आधी नागपूरच्या महाल भागात, चितारओळीच्या बाजूला लाकडी बैलांचा बाजार लागते. तळहातावर मावतील असे बैल ते लेकरू वर बसू शकेल एवढे मोठे, चाकं लावलेले. लेकरं ते सजवून ओढत घरोघरी नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे घेतात. चेहरा बघायचा बैलाचा, हाताने कोरलेला असला तर प्रत्येकाचे डोळे, वशिंड वेगळं असते. आमच्या घरचा बैल माझ्या बाबांच्या लहानपणचा आहे, दर दोन-चार वर्षांनी चाक बदलतो, रंग देतो, आता माझा मुलगा ओढते.

लोकलची_खिडकी:

मुंबईकरांसाठी. धारावीचा कुंभारवाडा नव्वद फुटी रस्त्याला लागूनच आहे, सरळ आत शिरा, कोणी अडवत नाही, फक्त घरांसमोरच भट्ट्या आणि वाळत घातलेली मडकी असतात तर बघून चाला आणि फोटो काढायच्या आधी विचारा. मूळचे सौराष्ट्रातले कुंभार, गुजरातीत बोलतात आपापसात, आपल्याशी हिंदी-मराठी. दिवाळीच्या महिनाभर आधी गेलात तर पणत्यांचे डोंगर दिसतात.

पणती चाकावरची की साच्यातली ते कळायला सोपं आहे. उलटी करा. चाकावरून दोऱ्याने कापून काढलेली असेल तर बुडाला दोऱ्याची वळणावळणाची खूण राहते, आणि आत बोटाची गोल गोल रेघ. साच्यातल्या पणतीला नक्षी जास्त असते पण ह्या दोन खुणा नसतात. साच्याची पण माणसानेच केलेली असते, रंगवतात पण घरातल्या बायका हाताने, त्यामुळे मी दोन्ही घेते. चाकावरची साधी पणती आधी तासभर पाण्यात बुडवून ठेवा, वाळवा, मग तेल कमी पितं.

रानभूल:

काल जाऊन आले बुरुड आळीत! रोवळी घेतली, बूड उलटं करून बघितलं, तर त्या मावशी हसल्या आणि म्हणाल्या कुणी शिकवलं तुला. मग त्यांनीच ढिगातली दुसरी काढून दिली, सालीची, म्हणाल्या ही ने. एक शंका आहे, घरी आजीचं जुनं सूप आहे, कड उसवलीये आणि मधे दोन पट्ट्या तुटल्यात, ते नीट होतं का की नवीनच घ्यावं?

पेठकर:

@रानभूल, कड नक्की बांधून मिळते. मधल्या पट्ट्यांचं सूप बघून सांगतील, बाकीचं विणकाम पक्कं असेल तर नवीन पट्टी ओवतात, पण हात लावला की मोडतंय एवढं वाळलं असेल तर नाही जमत. जाताना घेऊनच जा, फोटोवर कळत नाही त्यांना. आणि सकाळी जा, दुपारी उन्हाच्या वेळी बरेच जण काम थांबवतात. शनिवारी मी घंगाळ घेऊन तांबट आळीत जाणारच आहे, साडेदहाला कसबा गणपतीपाशी भेटत असशील तर दोन्हीकडे मिळून जाऊ, @बाजारहाट तुम्हीपण या.

बाजारहाट:

येतो. आईची पितळी परात आहे, कल्हईला टाकायचीये, तीपण आणतो. तिथे करणारं कोणी आहे का ते आधी विचारून ठेवा फक्त.